डाव्या दिव्याखालची एक बोट जागा

अण्णा, तुला दुसऱ्या कोणी सांगायच्या आत मीच सांगतो. तुझी शेवटची रेघ मी बिघडवली.

तू गेलास त्याला आज बारा दिवस. एवढ्यात मी एक घोटाळा करून बसलोय आणि तो निस्तरायला तू नाहीस. बावीस वर्षं आपली पद्धत ठरलेली होती. मी काहीतरी करून ठेवायचं, आणि तू खिशातलं फडकं काढत म्हणायचं, "मान्या, स्वल्प बाजूला हो." आज सकाळपासून मी शेडमध्ये बाजूला होऊन उभा आहे. कोणी येत नाही.

खरं म्हणजे रीतसर मृत्युलेख लिहायला बसलो होतो. जन्म, शिक्षण, स्वभाव. स्वभावाला हात घातला तर पहिलंच वाक्य निघालं की तू अतिशय हट्टी माणूस होतास. बाराव्याच्या दिवशी हे बरं दिसेना, म्हणून कागद फाडला. तुझ्याबद्दल मला काही सांगायचंच नाहीये. मला तुला विचारायचंय. आणि विचारायचं म्हटलं की मी चष्मा पुसत बसतो, काच स्वच्छ असूनही.

वाचणाऱ्यांना आपला धंदा माहीत नसेल, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. तू तोवर विडी ओढ. गाडीचा रंग झाला, पॉलिश झालं, की तिच्या अंगावरून एक बारीक रेघ फिरते, साडीला काठ असतो तशी. तिला लायनिंग म्हणायचं. कलासीपाळ्यातल्या शेडमध्ये ते काम यल्लोजीराव, म्हणजे हे अण्णा, करत. पट्टी नाही, दोरी नाही, खारीच्या शेपटीच्या केसांचा एक लांब ब्रश आणि उपाशी पोट. चहा प्यायला की हातात नाडी उडते म्हणायचे, म्हणून रेघ सकाळी आणि चहाच्या आधी. त्यांचे वडील दंडूतल्या, म्हणजे छावणीतल्या, साहेबांच्या बग्ग्यांना रेघा मारायचे. बग्ग्या गेल्या, मोटारी आल्या, रेघ तीच राहिली. मी त्यांचा मावसभाऊ मानोजी. त्याच शेडच्या पुढच्या अंगाला माझं शोभेच्या सामानाचं दुकान. बॉनेटवरचा पक्षी, दाराखालची क्रोमची पट्टी, चाकांचे चकचकीत कप, मागच्या काचेला झालरीचा पडदा. विलायती माल यायचा बंद झाल्यापासून गावात नव्या गाड्या दोन-तीन प्रकारच्याच, सगळ्या उकडलेल्या बटाट्यासारख्या, आणि प्रत्येक मालकाला मात्र आपली गाडी राजवाड्यातल्या जुन्या गाडीसारखी दिसायला हवी. ते राजेपण मी पितळेत ओतून, वर निकल चढवून देतो. यल्लोजीराव ते एका रेघेत देत. आमचा तंटा तो हाच.

झाली विडी?

तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे. जी वस्तू काम करत नाही आणि करते असं दाखवते, ती खोटी. पक्षी चालेल, कारण तो बिचारा पक्षीच असतो, दुसरं काही असल्याचा आव आणत नाही. चाकाचे कप चालतील, धूळ अडवतात. पण दिव्यावर क्रोमची पापणी कशाला, दिवा काय झोपतो? पत्र्यावर लाकडाच्या शिरा रंगवायच्या तर लाकूडच का नको? पांढऱ्या काठाचे टायर म्हणजे गाडीने मोजे घातलेत. मी विचारलं होतं, मग तुझ्या या एवढ्या मिशा काय काम करतात? तू मिशीवरून बोट फिरवत शांतपणे म्हणालास, "मिशी आतून आलीय, मान्या. वरून स्क्रूने बसवलेली नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. बाकी उत्तरं सुचतात हल्ली, एकामागून एक, अंघोळ करताना, सायकल मारताना. ती कोणाला देऊ?

आणि माझ्या मतांनी घातलेले गोंधळही तुलाच आठवत असणार. चिक्कपेठेतल्या रेशीमवाल्यांना बॉनेटवर हंस हवा होता. मी हंस असा सुंदर ओतला की त्याच्या मानेवरच खूश होऊन बसलो, आणि बसवताना चोच आत ठेवली. रेशीमवाले आठ दिवस गावभर गाडी हाकत होते आणि हंस त्यांच्याकडे टक लावून बघत होता. त्यांच्या आईने शेवटी विचारलं की हा पक्षी आपल्याला काही सांगतोय का. तू जाऊन तो फिरवून आलास, आणि त्यांना सांगितलंस की आधी घराकडे तोंड ठेवायची पद्धत असते. माझी अब्रू वाचवायला तू एक पद्धतच जन्माला घातलीस. रेशीमवाले आजही ती लोकांना सांगतात.

मग ते मोजे. लग्नाची गाडी होती, नवऱ्याला पांढऱ्या काठाचे टायर हवे होते आणि टायर मिळत नव्हते. मी टायरवर पांढरा रंग मारला. मुहूर्त उन्हाचा. कब्बनपेठेतून वरात निघाली तेव्हा गाडी राजकुमारासारखी दिसत होती, आणि मांडवाशी पोचेपर्यंत चाकांनी तो रंग दोन्ही अंगांना असा उडवला होता की वाजंत्रीवाल्यांच्या पायांवर मोजे चढले होते. तू दुपारभर रॉकेलचा डबा घेऊन वऱ्हाड पुसत होतास. मला एका शब्दाने बोलला नाहीस. फक्त पंगतीत शेजारी बसल्यावर म्हणालास, "भात पांढरा आहे, जपून."

हसतोय मी हे लिहिताना. हसतोय आणि मग लक्षात येतं की हसू ज्याच्याकडे बघून पुरं करायचं तो माणूस नाही, आणि तोंड तसंच उघडं राहतं. वेड्यासारखं दिसत असेन.

आता आपल्या गाडीचं सांगतो.

कॉफीच्या मळेवाल्याने फणसाखाली टाकून दिलेली, कोंबड्यांनी अंडी घातलेली ती युद्धाआधीची गाडी आपण दोघांनी आणली, आणि नऊ वर्षं लावली तिला उभी करायला. गिऱ्हाइकाची कामं आधी, ही उरल्या वेळात. वहिनी म्हणायच्या, माझे केस पिकायच्या आत होईल का. तू त्यांना शब्द दिलास की ज्या दिवशी रेघ फिरेल त्यानंतर पहिल्यांदा तुम्हीच बसायचं, मागच्या गादीवर, राणीसारखं. मधल्या काळात वहिनींचे केस पिकले. तुझी मुलगी लग्न होऊन यशवंतपूरला गेली.

त्या गाडीच्या बॉनेटवर, तुला न विचारता, मी गरुड बसवायला भोक पाडलं होतं. तू दीड महिना माझ्याशी बोलला नव्हतास. एकाच शेडमध्ये, वीस पावलांवर. वहिनी जेवणाचा डबा माझ्याकडे देत, मी तो तुझ्या स्टुलावर ठेवत असे, आणि तू मला नव्हे, डब्याला "सरी", म्हणजे बरं, म्हणायचास. दीड महिन्याने एका सकाळी बघतो तर भोक नाही. तू शिसं भरून, घासून, रंग चढवून ते असं नाहीसं केलंस की मला माझंच भोक सापडेना. मी बोटं फिरवत होतो. मागून तू म्हणालास, "शोधू नको, गेलं ते." त्यानंतर त्या भोकाचा विषय तू कधी काढला नाहीस. माफी मागायची मीच ठेवून दिली. आज मागू, उद्या मागू. मोठा पक्षी ओतायचा असला की मी कसा महिनाभर साचाच घोटत बसतो, तसं.

तुझी शेवटची सकाळ. बाटलीहिरव्या गाडीवर सायीच्या रंगाची रेघ. तू डाव्या मागच्या दिव्याखालून सुरुवात केलीस, पुढे गेलास, बॉनेटला वळसा घातलास, उजव्या अंगाने मागे आलास, डिकीखालून पुन्हा डाव्या दिव्याकडे. ब्रश मध्ये कुठे बुडवलास ते नेहमीसारखंच कोणाला दिसलं नाही. आणि नेमका तेव्हाच मी पोचलो, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या दोन दांड्या घेऊन. इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या, पितळी, निकल चढवलेल्या. बग्गीचं छत मिटायचं तेव्हा त्याला अशा दांड्या असायच्या. आपल्या गाडीचं छत पत्र्याचं, ते काही मिटत नाही. पण मागच्या खिडकीशेजारी दांडी दिसली की मिटेल असं वाटतं. तुझ्या मते खोटेपणाचा कळस. मला वाटायचं, नऊ वर्षांच्या कष्टाला एवढं तरी हवं.

तू श्वास धरून बसला होतास आणि मी मागून म्हणालो, "अण्णा, एकदा बघ तरी."

तू ब्रश उचललास. फडक्याला पुसलास, एरंडेलाच्या डब्यात ठेवलास, गुडघ्यावर हात टेकून उठलास. मग दांड्या हातात घेऊन उलट्या-सुलट्या केल्यास, हसलास आणि म्हणालास, "उद्या भांडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू कॉफीचा पेला हातात घेऊन खुर्चीत बसलास आणि उठला नाहीस.

यापुढचं लिहायला हात धजत नाही, पण तुझ्यापासून मी काय लपवलंय आजवर? जे लपवलं ते तुला आधीच माहीत असायचं. ऐक. तुला पोचवून आलो, दिवस गेले, आणि मनात काय आलं माहीत आहे? आता दांड्या लावायला आडवं येणारं कोणी नाही. असं मनात आलं, अण्णा. तुझ्या नवव्या दिवशी. मी गेलो आणि मागच्या खिडक्यांशेजारी भोकांसाठी खडूने खुणा केल्या. दोन्हीकडच्या खुणा एका उंचीवर आहेत का ते बघायला गाडीच्या मागे गेलो, खाली बसलो. बावीस वर्षांत गाडीच्या मागे मी पहिल्यांदा बसलो असेन. मी पुढचा माणूस. पक्षी पुढे असतो.

आणि मला दिसलं की रेघ पुरी झालेली नाही. डाव्या दिव्याखाली, सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये एक बोट जागा कोरी.

तू तिथे होतास तेव्हाच मी बोललो होतो. तुझा श्वास मोडला होता मी. तुला तेव्हाच काही होत असेल, छातीत दुखत असेल, आणि तू म्हणत असशील एवढं एक बोट झालं की उठू, आणि मी दांड्या नाचवत आलो. तुझी शेवटची रेघ माझ्यामुळे अर्धी राहिली. आणि याच गाडीतून वहिनी मुलीकडे जायच्या होत्या, तेराव्यानंतर, कायमच्या. अर्ध्या रेघेच्या गाडीतून?

दुसऱ्या सकाळी उपाशी पोटी आलो. तुझाच ब्रश घेतला, तुझ्याच डब्यात उरलेला रंग. एक बोट रेघ, अण्णा. हंसाची मान घडवणारा मी, एक बोट सरळ रेघ मारायला मला दोन तास लागले. डावा हात उजव्याचं मनगट धरून बसला होता. झाली ती रेघ कशी झाली? सुरवंटासारखी. मधे फुगीर, दोन्ही टोकांना केसाळ. तरी मला वाटलं, पुरी झाली. तुझं काम पुरं केलं. मोठ्या अभिमानाने वहिनींना मागच्या दाराने बोलावून आणलं.

वहिनी वाकल्या.

"हे कोणी केलं, भावोजी?"

मी म्हणालो, मी. अण्णांचं राहिलं होतं.

"राहिलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "वाट आहे ती. सगळीकडून रेघ मिटली की आतला माणूस आतच राहतो म्हणतात. त्याला उतरायला एक बोट वाट सोडायची. सासरे बग्गीला सोडायचे, हे गाडीला. तुम्हाला कधी सांगितलं नाही यांनी?"

मी म्हणालो, नाही.

"तुम्ही विचारलं नसेल," वहिनी म्हणाल्या, आणि पदर सावरून आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला क्षणभर केवढं हलकं वाटलं. म्हणजे मी तुझा श्वास मोडला नव्हता, तुझं काम झालं होतं, म्हणून तू ब्रश उचललास. आणि पुढच्याच क्षणी दुसरं लक्षात आलं. तू आयुष्यभर माझी भोकं बुजवलीस. तू सोडलेली एकच जागा होती, ती मी बुजवली.

विश्वास बसेना म्हणून सायकल काढली. दोन दिवस गावभर फिरलो. तू रेघ मारलेली गाडी दिसली की मागे जाऊन गुडघ्यावर बसायचं. रेशीमवाल्यांच्या गाडीला, वाट. थिएटरवाल्यांच्या गाडीला, वाट. लालबागेच्या फाटकाशी एकाने मी पेट्रोल चोरतोय समजून माझी कॉलर धरली. मी त्याला म्हणालो, जरा थांबा, एवढं बघू द्या. मल्लेश्वरमला डॉक्टरांच्या गाडीमागे बसलो तर ड्रायव्हर आला, काय शोधताय म्हणाला. मी म्हणालो, इथे रेघेत एक जागा आहे का ते. "यल्लोजी अण्णांची वाट? ती काय, स्वल्प डावीकडे," तो म्हणाला आणि बोट दाखवलं. रोज गाडी पुसतो तो.

डॉक्टरांच्या ड्रायव्हरला माहीत होतं, अण्णा. मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं तुझ्याशी भांडलो की गाडीवर काय काय लावावं, आणि तू गाडीवर काय सोडतोस हे एकदाही बघितलं नाही. का नाही सांगितलंस? एकदा तरी ओरडून, हाताला धरून मागे नेऊन. मी ऐकलं नसतं म्हणून? ऐकलं नसतंच. वर विचारलं असतं, त्या जागेत एक छोटासा तारा बसवू का.

आज सकाळी पुन्हा उपाशी आलो. तुझ्या खिशातलं ते फडकं वहिनींकडून मागून घेतलं, टर्पेंटाइनमध्ये बुडवलं. आयुष्यात मी गाडीला काही ना काही लावत आलो, काढलं कधीच नव्हतं. माझा सुरवंट लगेच निघाला, दोन दिवसांचाच तर होता. पण तूच सांगायचास ना, इनॅमल वरून एका दिवसात वाळतं आणि आतून पंधरा दिवस ओलं राहतं. तुझी रेघही आतून ओलीच होती. फडक्याबरोबर तिचं टोक आलं. मी हात मागे घेतला तोवर आलं होतं. फडक्यावर एक सायीच्या रंगाचा डाग, माझा किती, तुझा किती, सांगता येईना. मी ते फडकं तोंडाशी धरून बसलो. टर्पेंटाइनने डोळे झोंबतात, ही एक सोय असते.

वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्या खाली बसल्या. डाव्या दिव्याखालच्या कोऱ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. बोट सैल पडलं. मग शेजारी दुसरं बोट टेकवलं, तेव्हा ती जागा भरली.

"स्वल्प मोठी झाली," वहिनी म्हणाल्या. बोटं तशीच ठेवून त्या बसून राहिल्या. मी म्हणालो, वहिनी, मला ती पुन्हा लहान करता येणार नाही. त्या म्हणाल्या, "नका करू. परवा यशवंतपूरला मी याच बाजूने उतरेन."

खडूच्या खुणा मी पुसल्या आहेत. दांड्या वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर आहेत. त्या लावाव्यात असं माझं मत अजून आहे, ते बदललेलं नाही, आणि हे मुद्दाम लिहितोय, म्हणजे तू गप्प बसणार नाहीस. बॉनेटवरच्या त्या भोकाचीही माफी मागायची आहे, तीही समोरासमोर. तू उद्या भांडू म्हणाला होतास. बारा उद्या झाले, अण्णा. तुझ्या स्टुलासमोर मी उपाशी पोटी बसलोय, चहासुद्धा घेतलेला नाही.